तुला कुठं रूमभाडं भरायचंय? (वाचकांचे प्रश्न)

या वेळच्या टपालात आणि व्हॉट्सअपवर पगाराचेच प्रश्न जास्त आलेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकाला ठेवून हे चारच घेतेय. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, कंपन्यांची तर नाहीच नाही.

ताई नमस्कार, मी वाळूजला एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, साडेचार वर्षं झाली इथंच काम करायलेय. दिवाळीनंतर आमच्या लाईनवर एक मुलगा जॉईन झाला, त्याचा पण डिप्लोमाच, दोन वर्षं पुण्यात काम केलेलं. गेज कुठं ठेवतात इथपासून कस्टमर कम्प्लेंटचा रिपोर्ट कसा भरायचा इथपर्यंत सगळं मीच शिकवलं, ताई ताई करतो, पोरगा वाईट नाही. परवा त्याला बाईकच्या लोनसाठी कागदं स्कॅन करून पाहिजे होती, त्यात त्याची स्लिप दिसली. त्याला हातात २६ हजार येतात अन् मला १९ हजार २००. शिफ्ट तीच, लाईन तीच, काम तेच. त्या दिवशी मला जेवणच गेलं नाही. एचआरच्या सरांना विचारलं तर म्हणाले तो बाहेरगावचा आहे, रूम करून राहतो, मेसचा खर्च आहे, तुला कुठं रूमभाडं भरायचंय, घर स्वतःचं, मिस्टरांची पण नोकरी आहे. मला तिथं उत्तरच सुचलं नाही. आता त्या पोराशी पण मी नीट बोलत नाही. तक्रार करू, नोकरी सोडू, का गप बसू?
– एक वाचक, बजाजनगर

आधी त्या पोराला यातून बाजूला काढा. त्यानं तुमच्या ताटातलं काही उचललेलं नाही, त्याला मिळत होतं ते त्यानं घेतलं, आणि पुढं मागं तुम्हाला त्याचीच साक्ष लागेल, त्यामुळं बोलणं सुरू करा उद्यापासून.

आता सरांचं ते वाक्य. मी स्वतः बरीच वर्षं त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेय, त्यामुळं मला ही वाक्यं पाठ आहेत. गावातल्या पोराला म्हणायचं तुझं काय, घरचं जेवण आहे. लग्नाच्या पोरीला म्हणायचं तू काय वर्षभरात जाणारच. लग्न झालेलीला म्हणायचं मिस्टरांचं चालू आहे ना. आणि ज्याच्या नावावर चार एकर आहे त्याला म्हणायचं तुम्ही तर बागायतदार, नोकरी हौसेची. म्हणजे मशीनवर कोण काय करतंय ते बघायचंच नाही, घरात काय शिजतंय ते बघून आकडा टाकायचा. मग उद्या मिस्टरांची नोकरी गेली तर कंपनी तुमचा पगार सात हजारांनी वाढवणार आहे का? एकदा विचारून बघायला पाहिजे खरं तर. (विचारू नका, उगाच तोंड दिसतं.) आपल्या भागात हे जास्तच चालतं, कारण आपली पोरंपोरी घरून डबा घेऊन कामाला येतात आणि आपल्यालाही आतून कुठंतरी वाटतं की बरोबरच आहे, आपल्याला कशाला एवढे लागतात.

पण हे झालं सांगायचं कारण. फरक पडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा जॉईनिंगच्या दिवशीच घडलेलं असतं. नव्या माणसाला मागची स्लिप मागतात, त्यावर वीस-पंचवीस टक्के चढवतात, झाला पगार. तो पुण्याची स्लिप घेऊन आला, तुम्ही फ्रेशर म्हणून आलात आणि ट्रेनीचा जो रेट चालू होता तो घेतला. त्यानंतर दरवर्षी टक्क्यानं वाढ, आणि टक्क्याची गंमत अशी की ८ टक्के दोघांना मिळाले तरी हातातल्या आकड्यावर त्याचे दोन हजारांच्या वर वाढतात आणि तुमचे दीड हजार, म्हणजे कोणी काही वाईट केलं नाही तरी अंतर दर एप्रिलला आपोआप वाढत जातं. काम शिकवणारा मागं आणि शिकणारा पुढं हे त्यामुळं होतं.

बोलायला जाण्याआधी स्लिप समोर ठेवून बसा. हातात येणारा आकडा सोडून द्या, ग्रॉस म्हणजे काही कटायच्या आधीचा पगार बघा. तुमचा बेसिक-डीए समजा १३ हजार असेल तर त्यावर १२ टक्के पीएफ म्हणजे १,५६० गेले, ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) पाऊण टक्का गेले, म्हणजे ग्रॉस २१ हजारांच्या जरा अलीकडं असणार. त्याचा ईएसआयसी कटत नसणार कारण ती २१ हजारांपर्यंतच आहे, पण प्रोफेशनल टॅक्सचे २०० कटत असणार, तुमचे कटत नाहीत कारण महाराष्ट्रात २०२३ पासून २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. पीएफ धरून त्याचा ग्रॉस २८ च्या आसपास जाईल. म्हणजे खरं अंतर तुम्हाला वाटतंय त्याच्यापेक्षा थोडं जास्तच निघेल. त्यात नाईट अलाउन्स, अटेंडन्स बोनस, ओव्हरटाईम काही असेल तर तो आधी वेगळा काढा, नाहीतर पहिल्याच मिनिटाला ते तुम्हाला तिथं पकडतात आणि मग पुढचं सगळं बोलणं वाया. अजून एक, जे कोणी सांगत नाही. तुमचा पगार २१ हजारांच्या वर गेला की चालू पिरियड संपल्यावर ईएसआयसी बंद होते, म्हणजे त्या दवाखान्याचा आधार जातो. म्हणून वाढ मागताना मेडिक्लेमचं पण त्याच मीटिंगला बोलून घ्या.

कायद्याचं विचाराल तर तुमच्या बाजूला कायदा आहे. बाई-पुरुष सारख्या पगाराचा कायदा १९७६ चा, तो आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एकाच मालकाकडं त्याच किंवा त्यासारख्या कामाला बाई म्हणून कमी देता येत नाही, आणि सारखं काम कशाला म्हणायचं तर लागणारं कौशल्य, मेहनत, अनुभव, जबाबदारी सारखी पाहिजे आणि परिस्थिती सारखी पाहिजे. यात रूमभाडं कुठं आहे? मेस कुठं आहे? आणि तुमच्या मनात त्या पोराबद्दल असेल तर हेही ऐका, हिशोब बरोबर करण्यासाठी मालकाला जास्तवाल्याचा पगार खाली आणता येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय, तुमचाच वर आणावा लागतो. मुंबईतल्या एका जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा नावाच्या स्टेनोग्राफर होत्या, पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी, त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९८७ ला निकाल त्यांच्या बाजूनं लागला. कंपनीनं युनियनबरोबरचा करार पुढं केला, परवडत नाही हेही सांगून बघितलं, कोर्टानं दोन्ही ऐकलं नाही.

तरी पण तुम्हाला खोटा धीर देणार नाही. कंपनी म्हणणार की बाई म्हणून नाही, आधीच्या स्लिपमुळं फरक आहे, आणि ते खोडून काढायला वेळ जातो. पण सरांनी 'मिस्टरांची नोकरी आहे' म्हटलंय ना, ते घरी जाऊन तारखेसकट वहीत लिहून ठेवा. पुरुषाला कोणी 'तुझी बायको कमावते' म्हणून कमी देत नाही, त्यामुळं ते वाक्य तुमच्या कामाचं आहे.

माझं मत, पहिली पायरी तक्रारीची नको, मागणीची घ्या. आणि कॉरिडॉरमध्ये नको, प्लांट हेडची वेळ घेऊन, शक्यतो इन्क्रिमेंटच्या फायली वर जायच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीत. मार्चएन्डला गेलात तर सगळे म्हणतील बजेट झालं. जाताना एका पानावर लिहून न्या की कोणत्या लाईन बघता, किती जणांना ट्रेनिंग दिलं, कोणती कस्टमर कम्प्लेंट तुमच्यामुळं बंद झाली, ऑडिटला कोणती कागदपत्रं तुमच्याकडं असतात. आणि बोलायचं एवढंच: 'सर, साडेचार वर्षं झाली, मी स्वतंत्र लाईन सांभाळते आणि नव्यांना ट्रेनिंग पण देते. या कामाला आपल्याच डिपार्टमेंटला आता काय रेट चालू आहे ते मला माहितीये, माझा त्याच्यापेक्षा बराच खाली आहे, तो त्या रेटला आणून द्या.' आणि मग गप्प. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही, आपण लगेच म्हणतो नाही म्हणजे सर बघा जमलं तर. तसं म्हणायचं नाही. पोराचं नाव काढायचं नाही, घरचा खर्च, सासूबाईंचं ऑपरेशन, हप्ते, काही काढायचं नाही, कारण तुम्ही घर काढलं की तेही घर काढणार आणि मग परत रूमभाड्यावर गाडी येणार. ते म्हणतील बघू. म्हणायचं, कधीपर्यंत कळवाल सर? आणि संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाकायचा की आज असं बोलणं झालं.

एका फटक्यात सात हजार कोणी देत नाही बहुधा. दोन टप्प्यांत देतो म्हणाले तर घ्या, पण लेखी घ्या.

आणि रागात राजीनामा देऊ नका. साडेचार वर्षं झालीत म्हणता, पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी बसते, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, २६ नं भागून. १३ हजार बेसिक-डीए धरला तर वर्षाला साडेसात हजार, पाच वर्षांचे ३७ हजार ५००. ते सोडून जायचं कशाला, तोपर्यंत शेंद्र्याला, चाकणला इंटरव्ह्यू देत राहा, दुसरी ऑफर हातात असली की प्लांट हेडचा आवाज पण बदलतो. काहीच नाही झालं तर कामगार उपायुक्त कार्यालय आहे, संहितेखाली दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळं आजच्या आज धावत जायची गरज नाही, कागद जमवून शांतपणे जा.

मॅडम, मी जालन्याला एका रोलिंग मिलच्या ऑफिसात अकाउंटला आहे. वय २७. माझ्याच टेबलाला एक काका आहेत, वीस वर्षांपासून इथं, मला टॅली त्यांनीच शिकवली. मला २८ हजार आहेत आणि त्यांना २२, हे मला माहितीये पण त्यांना माहिती नाही. शेठनी सांगितलंय पगार कोणाला सांगायचा नाही. काका रोज डब्यातलं मला खाऊ घालतात अन् मला घास उतरत नाही. सांगावं का?
– जालना

घास उतरू द्या, काकूंनी मेहनत केलीये.

पहिलं हे की हा फरक वरच्या बाईंसारखा नाही. तुम्ही दोघंही पुरुष, आणि वेतन संहितेतली सारख्या पगाराची तरतूद बाई-पुरुष भेदासाठी आहे. खाजगी ऑफिसात दोन पुरुषांना वेगळा पगार दिला म्हणून सरळ त्या कलमाखाली काही करता येत नाही. तर इथं कायद्यापेक्षा शेठ आणि काका यांचंच बघायचंय.

दुसरं, काम खरंच सारखं आहे का ते प्रामाणिकपणे बघा. जीएसटी रिटर्न, ई-वे बिल, ई-इन्व्हॉइस, बँकेचं स्टेटमेंट हे तुम्ही करता आणि काका व्हाउचर, रोकड आणि गाड्यांचं भाडं बघतात असं असेल तर थोडा फरक मला तरी समजतो. पण वीस वर्षांत कोणत्या व्यापाऱ्याचे पैसे कधी अडकतात, कोणाचा चेक दोनदा टाकावा लागतो हे काकांना तोंडपाठ असतं, आणि त्याचा पगार कोणीच धरत नाही. काका मागत नाहीत, म्हणून त्यांना कमी मिळतं, मालकाच्या दृष्टीनं एवढं सोपं आहे ते.

सांगावं का? स्वतःचा पगार सांगायचा की नाही हा तुमचा विषय, पण अपॉइंटमेंट लेटरमध्ये तसं कलम आहे का ते बघून घ्या, असलं तर आकडा लिहून कोणाला पाठवू नका. मला वाटतं आकडा सांगण्यापेक्षा 'काका, आजकाल या कामाला बाहेर २८ ला माणूस मिळत नाही, तुम्ही शेठशी बोला एकदा' एवढं म्हणा. वीस वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला तेवढं पुरतं. आणि ई-इन्व्हॉइस त्यांना शिकवा. टॅलीची फेड. शिकल्यावर तुमची किंमत कमी होईल ही भीती सोडा, जालन्यात एवढ्या मिला आहेत, अकाउंटवाल्याला काम कमी नाही.

एक मात्र करू नका, काकांच्या वतीनं तुम्ही शेठकडं जाऊ नका. काकांचा अपमान होईल, आणि शेठ दोघांवर नाराज.

मी नांदेड जिल्ह्यात एका सिनियर कॉलेजला सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतो. नेट आहे, पीएचडी झालीये. शेजारच्या वर्गात पर्मनंट सर तोच पेपर शिकवतात, त्यांना सातवा वेतन आयोग अन् मला तासाप्रमाणं बिल, तेही सहा सहा महिन्यांनी. नॅकचं (कॉलेजच्या मूल्यांकनाचं) काम, परीक्षा, ॲडमिशन सगळं करू लागतो. समान काम समान वेतन म्हणतात ते आम्हाला आहे का नाही?
– एक सीएचबीधारक

सर, तुमच्यासारखी पत्रं परभणीहून, लातूरहून, हिंगोलीहूनही आलीत, सगळ्यांना एकच उत्तर.

सहायक प्राध्यापकाचा सातव्या आयोगात सुरुवातीचा बेसिकच ५७,७०० आहे आणि तुमचं बिल त्याच्या कुठल्या कुठं, त्यामुळं राग येणं साहजिक. घटनेच्या ३९ (ड) मध्ये समान कामाला समान वेतन आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व, थेट घेऊन कोर्टात जाता येत नाही. १९८२ ला रणधीर सिंह यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ते कलम १४ आणि १६ ला जोडून दाखवलं, ते गृहस्थ दिल्ली पोलिसात ड्रायव्हर होते. मग २६ ऑक्टोबर २०१६ चा पंजाबचा जगजित सिंह निकाल, की तात्पुरता कर्मचारी पर्मनंटचंच काम करत असेल तर त्याला निदान त्या वेतनश्रेणीचा किमान पगार द्या. आणि तुमच्या सगळ्यात जवळचा म्हणजे ऑगस्ट २०२५ चा गुजरातचा निकाल, तिथं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातले कंत्राटी सहायक प्राध्यापक महिन्याला ३० हजारांवर होते, कोर्टानं श्रेणीतला किमान पगार द्यायला सांगितलं.

पण यावर उड्या मारू नका. काम सारखं आहे हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर असतं, आणि कॉलेज म्हणणार हे तर फक्त तासाला येतात. इथंच तुमचे कागद लागतात. टाइमटेबल, मस्टर, प्राचार्यांच्या सहीचे नॅक कमिटीचे आदेश, परीक्षेच्या ड्युट्या, पेपर तपासल्याचे कागद, ॲडमिशन कमिटीचं पत्र. तोंडी काम सांगितलं तर 'सर, आदेश काढा' म्हणा. आदेश काढत नसतील तर ते काम तुमचं नाही, आणि हे म्हणायची हिंमत व्हायला आधी चारपाच जण एकत्र या, एकटा माणूस पुढच्या जूनला यादीतून गायब होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. वकील पण एकत्रच करा, खंडपीठ छत्रपती संभाजीनगरलाच आहे, मुंबई गाठायची नाही.

ताई रामराम. मी गेवराई तालुक्यातला शेतकरी. आमच्याकडं रोजंदारी बाईला ३०० अन् गड्याला ५००, अख्ख्या गावात तोच भाव. माझी पोरगी कॉलेजला आहे, ती म्हणती पप्पा हे चूक आहे. मी म्हणलं बाई अन् गडी सारखं काम करत नाहीत. कोणाचं बरोबर?
– गेवराई, जि. बीड

पोरीचं. थोडं तुमचंही.

फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालणं, पोती गाडीत टाकणं, रात्रीचं पाणी धरणं याचा वेगळा भाव ठेवा, कोणी नाही म्हणत नाही. पण सोयाबीन काढायला एकाच पातीला बाई अन् गडी वाकलेले असतात, तिथं दोनशेचा फरक कशाचा? आणि खुरपणी हलकं काम आहे हे कोणी ठरवलं, दिवसभर उकिडवं बसून बघा एकदा. ते काम बायाच करतात म्हणून त्याचा भाव हलका राहिलाय असं मला वाटतं. शेतमजुरीला कायदा लागू नाही असं समजू नका, ती पण त्यात येते.

आणि तुम्ही स्वतः कापूस कसा वेचून घेता? किलोवर. तिथं वेचणारी बाई का गडी कोणी विचारत नाही, काटा जेवढा दाखवील तेवढे पैसे. १९७२ च्या दुष्काळात तुमच्या आईनं किंवा आजीनं नक्की खडी फोडली असेल नाहीतर नालाबंडिंगला माती उचलली असेल, त्यातून पुढं १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला, तिथं पण खड्ड्याचं माप घ्यायचे आणि बाईला अन् गड्याला दर एकच. सरकारी खड्ड्यावर सारखं काम करणारी बाई तुमच्या बांधावर आल्यावर कमी कशी पडते?

तुमच्या जिल्ह्यात तर अजून एक आहे, कोयता. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांची मिळून, आणि मुकादम पैसे मोजतो नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे उठून भाकरी थापून फडात मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, गाडी भरते आणि तिचा म्हणून आकडाच नसतो, त्यामुळं कमी का जास्त हे विचारायची पण सोय नाही.

गाव काय म्हणेल ही तुमची अडचण खरी आहे, एकट्यानं भाव वाढवला तर बाकीचे शेतकरी घरी भांडायला येतात. मग रोज मोडून गुत्तं करा. या वर्षीची सोयाबीन काढणी एकरावर ठरवा, टोळीत बाया किती अन् गडी किती ते त्यांचं त्यांना, आणि पैसे वाटताना ज्यानं काम केलं त्याच्याच हातात द्या, बाईचे तिच्या नवऱ्याकडं देऊ नका.